शिकण्याची सावड

दसरा झाला की गंगाखेड तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील गावांतून मुकादमाच्या गाड्या निघू लागतात. उचल घेतलेली कुटुंबे भांडीकुंडी, पीठमीठ, कोयते आणि लहान लेकरे बरोबर घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा या धंद्याचा हिशेब. पुढचे पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोपीत संसार मांडायचा. तेथे पुरेसे पाणी नाही, आडोसा नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरावी लागते, आणि दुखण्याने एक दिवस काम बुडाले तर खाडा धरला जातो.

याच फडावर परभणीची बाई बीडच्या बाईला भेटते, बीडची लातूरच्या बाईला. संध्याकाळी चुलीपाशी दुखण्याखुपण्याचे विषय निघतात. कोणाच्या अंगावरून पांढरे जाते, कोणाचे ओटीपोट दुखते, कोणाची पाळी आठ-आठ दिवस थांबत नाही. मग एखादी म्हणते, “मी पिशवी काढून टाकली, सुटले एकदाची. तूही काढून टाक.” ऐकणारीला ते पटते, कारण सांगणारी तिच्यासारखीच असते. तिने ऊस तोडलेला असतो, खाडा भरलेला असतो आणि ती आज समोर उभी राहून काम करीत असते.

या बोलण्याची किंमत काय झाली, हे २०१९ साली महाराष्ट्रापुढे आले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यांतल्या अनेक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. यामागे गरिबी होती, मुकादमाचा धाक होता, गरज नसता शस्त्रक्रिया सुचविणारी खासगी वैद्यकी होती. पण एका बाईने दुसरीला दिलेला सल्लाही या साखळीतला एक दुवा होता.

बाईचा शब्द बाईपर्यंत पोहोचतो, आणि डॉक्टरांच्या शब्दापेक्षा खोल पोहोचतो. आरोग्यशिक्षण करणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे. फडावर ही देवाणघेवाण आपोआप होते. तिच्यातून चुकीची माहितीही तितक्याच वेगाने पसरते. हीच शक्ती जाणीवपूर्वक वापरायची ठरवली, तर काय होऊ शकते?

सावड म्हणजे काय

शेतकरी कुटुंबात वाढलेल्याला सावड समजावून सांगावी लागत नाही. ज्याच्याकडे एकच बैल आहे, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करतो आणि दोघांची औते चालतात. आज तुमच्या रानात चार माणसे खुरपायला गेली, तर उद्या तुम्ही त्यांच्या रानात जायचे. येथे मजुरी नाही आणि उपकारही नाहीत. श्रमाची परतफेड श्रमाने करायची. एका गावच्या गटाने दुसऱ्या गावी जावे, तेथील काम डोळ्यांनी पाहावे, आपले अनुभव सांगावेत आणि पुढे त्या गावाला आपल्याकडे बोलवावे, ही शिकण्याची सावडच होय. सरकारी भाषेत तिला अभ्यासभेट किंवा अभ्यासदौरा म्हणतात.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी पाहायला आजवर असंख्य गावांतील माणसे जाऊन आली. २०११ पासून राज्यात राबविल्या जाणाऱ्या ‘उमेद’ अभियानात अनुभवी बचत गटांतल्या बायका ‘वर्धिनी’ म्हणून दुसऱ्या गावांत मुक्कामाला जातात, घरोघरी फिरतात आणि नवे गट उभे करतात. या गटांच्या दशसूत्रीत बचत, कर्ज, परतफेड यांच्याबरोबर आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे. प्रत्यक्षात मात्र बैठकीत बचतीची वही उघडते, आरोग्याचा विषय वेळ उरला तर निघतो. शेजारच्या एखाद्या गटाने तो कसा काढला, हे पाहिल्यावर मात्र तोच विषय सोपा होऊन जातो.

जामखेडची शनिवारची शाळा नव्हे, जामखेडचे घर

आरोग्याच्या क्षेत्रात या शिकण्याचे सर्वांत बोलके उदाहरण मराठवाड्याच्या सीमेवरच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले आणि त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बालमृत्यू, कुष्ठरोग, क्षयरोग, बाळंतपणातील मृत्यू हे त्या दुष्काळी मुलखाचे नेहमीचे पाहुणे होते. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या, पण गावांनी त्यांना आपले मानले नाही. तेव्हा गावानेच निवडलेली, त्याच गावात नांदणारी बाई आरोग्यसेविका म्हणून घडवायची, असे ठरले. या बायकांतल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. काही दलित होत्या, काही टाकलेल्या होत्या.

त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, मुक्काम करीत, एकत्र जेवत आणि एकाच छताखाली झोपत. जातीपातीचे बंध अजून घट्ट असलेल्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. डॉक्टरांनी शिकविलेले औषधपाणी त्यांनी आत्मसात केलेच. पण त्याहून मोठे शिक्षण एकमेकींकडून झाले. जुलाब झालेल्या बाळाचे पाणी तोडणाऱ्या सासूला कसे समजवायचे, गरोदर सुनेला पोटभर जेवू घालायला घर कसे तयार करायचे, सरपंच ऐकत नसेल तर कोणाला पुढे घालायचे, या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकात नसतात. ती दुसऱ्या गावच्या बाईकडे असतात, कारण तिने मागच्याच आठवड्यात ती अडचण सोडविलेली असते.

या कामाची हकीकत जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आली. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मांडला, त्यामागच्या अनुभवांत जामखेडचा समावेश होतो. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशोदेशीचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले आणि त्यांना शिकविणाऱ्यांत या गावच्या बायकाही होत्या.

त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टनमधील एका आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबराकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांची तुलना त्या झुंबराशी केली आणि स्वतःची एका साध्या पणतीशी. झुंबर सुंदर असते, पण महाग असते. पणती स्वस्त असते आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अभ्यासभेटीचे सारे शास्त्र या एका दाखल्यात आले आहे.

किल्लारीहून कच्छकडे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. घर पुन्हा बांधताना सरकारी मदत कशी मिळवायची, भूकंपात टिकणारी भिंत कशी ओळखायची, बांधकामावर लक्ष कसे ठेवायचे, हे या बायका शिकल्या आणि शेजारच्या गावांना सांगू लागल्या.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले, तेव्हा याच भागातल्या बायका गुजरातला गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. पण ढिगाऱ्यापाशी बसलेल्या बाईला समोरची काय सोसून आली आहे, हे सांगावे लागले नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मराठवाड्यातला हा अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. ज्यांना जग आपत्तिग्रस्त म्हणत होते, त्या आता मार्गदर्शक झाल्या होत्या. दुसऱ्याला शिकविण्याने स्वतःच्या दुःखालाही एक आधार सापडतो. मनाच्या आरोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट औषधाइतकीच मोलाची आहे.

शहरातही हेच घडले. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांच्या ‘महिला मिलन’ने १९८६ पासून बचत गट बांधले. या बायका आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांतले लोक १९९१ पासून एकमेकांकडे जाऊ-येऊ लागले. पुण्यात १९९९ नंतर वस्त्यांमधील सार्वजनिक शौचालये बांधली गेली, तेव्हा महिला मिलनच्या अनुभवातून स्त्रियांसाठी वेगळी रांग आणि लहान मुलांसाठी वेगळी, कमी खोल बैठक अशा सोयी आल्या. मोठ्यांच्या शौचालयात मूल घाबरते आणि मग उघड्यावर बसते, हे आईलाच ठाऊक असते.

पुरावा काय सांगतो

सावडीने शिकणे मनाला पटते. पण त्याने जीव वाचतात काय? नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या गटांनी दरमहा एकत्र बसून बाळंतपण आणि नवजात बाळ यांविषयीच्या अडचणी मांडल्या आणि त्यांवरचे उपाय स्वतःच ठरविले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गट असलेल्या भागात नवजात मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. हीच पद्धत पुढे ‘एकजूट’ या संस्थेने झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागांत नेली. तेथील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी दिसले. या गटांत कोणी तज्ज्ञ भाषण देत नव्हते. चित्रे, खेळ आणि गोष्टी यांच्या साहाय्याने बायका आपसांत बोलत होत्या.

आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. नंतर ‘अंकुर’ प्रकल्पातून राज्यातील सात ठिकाणच्या संस्थांनी ती पद्धत आपापल्या भागात राबविली. पद्धत कागदावर लिहून पाठविली असती, तर इतकी रुजली नसती. बाळाला गुंडाळणारा हात, त्याचा श्वास मोजणारी नजर आणि आईशी बोलण्याची रीत ही पाहूनच शिकायची असते.

भेट कोठे बिघडते

अभ्यासभेटी अनेक होतात. त्यांतून गावाच्या हाती काही लागतेच असे नाही. त्याची कारणे ओळखीची आहेत. भेटीला पदाधिकारी जातात आणि जिला गरज आहे ती घरी राहते. गाडी सकाळी निघते, वाटेत दोन देवदर्शने होतात, गावात तासभर फेरी होते, छायाचित्र निघते आणि अंधार पडायच्या आत सगळे परत. यजमान गाव आपले यश तेवढे दाखविते, फसलेले प्रयोग झाकून ठेवते. पाहणारे थक्क होतात आणि “त्यांचे ठीक आहे, आपल्याकडे हे जमायचे नाही,” म्हणत परततात. खरे शिकणे मात्र बहुधा फसलेल्या प्रयोगाच्या गोष्टीतूनच होते.

दुसरी चूक अशी, की फार पुढे गेलेले गाव निवडले जाते. ज्याने नुकतीच दोन पावले टाकली आहेत, त्याच्याकडून पहिले पाऊल शिकता येते. गंगाखेडच्या एखाद्या गावाला पालम, सोनपेठ, परळी वा अंबाजोगाईकडचे एखादे गाव अधिक शिकवून जाईल. कारण तेथील पाऊसपाणी, ज्वारीची भाकरी आणि मुकादमाची उचल, सगळेच ओळखीचे आहे. जामखेडसारखे ठिकाण त्यानंतर, मुक्कामाच्या तयारीने पाहावे.

गंगाखेडहून निघताना

एखाद्या गटाने अशी भेट ठरविली, तर काही गोष्टी आधी बोलून घ्याव्यात.

आधी प्रश्न ठरवावा, मग गाव. ‘आरोग्य’ हा विषय फार मोठा आहे. एका भेटीत तो मावत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे त्यांना पंडुरोग होता. तेव्हा “आमच्या गावातल्या मुली लोहाच्या गोळ्या घेऊन मध्येच का सोडतात, आणि तुमच्या का सोडत नाहीत?” असा एकच प्रश्न घेऊन जावे. त्याच्या उत्तरात पोट बिघडण्यापासून गोळी चहाबरोबर घेण्याच्या सवयीपर्यंत दहा गोष्टी निघतील. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा किंवा पेरू यांनी ते अधिक लागते, हे तेथील बाईने स्वतःच्या घरचे उदाहरण देऊन सांगितले की लक्षात राहते.

वेळ निवडताना ऊसतोडीचे वेळापत्रक समोर ठेवावे. हिवाळ्यात भेट ठेवली, तर जिच्या दुखण्याने हा विषय निघाला ती बाई फडावर असेल. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात आणि मृगापूर्वी पेरणीची धांदल सुरू होते. मधला काळ मोकळा, पण उन्हाचा. म्हणून पहाटे निघावे, दुपार सावलीत बसून बोलण्यात घालवावी, पाणी भरपूर बरोबर घ्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती सलाईन प्रत्येकीला करता आले पाहिजे. येथे चमचा म्हणजे चहाचा. वाटेतच ते एकमेकींकडून करवून घ्यावे. शिकण्याची सुरुवात तेथूनच होईल.

सहा-आठ जणी पुरेत, पण त्यांत एखादी सासू, एखादी नवी सून, आशा कार्यकर्ती आणि एखादा पुरुष असावा. एकटीने शिकून आलेली सून घरात एकटी पडते. सासूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, की घरातला निम्मा विरोध मावळतो. जिला लहान मूल आहे, तिच्या मुलाची व्यवस्था गटाने करावी. नाहीतर ती येणारच नाही, आणि आलीच तर तिचे सगळे लक्ष घरी राहील.

भेटीत कमी बोलावे, अधिक पाहावे. अंगणवाडीतला वजनकाटा, पाण्याच्या हंड्यावरचे झाकण, परसातली शेवग्याची झाडे, गटाच्या बैठकीत आरोग्यावर किती वेळ बोलले जाते, हे सारे नजरेने टिपावे. यजमानांना एक प्रश्न अवश्य विचारावा: “तुमचे काय फसले?” आपल्याजवळचेही काही द्यावे. फडावर पाळीच्या दिवसांत कसे निभावून न्यायचे, कोपीत मुलांची शाळा कशी टिकवायची, यातले कष्टाने मिळविलेले ज्ञान गंगाखेडच्या बायकांपाशी आहे. ते मांडताना आपण नुसत्या घेणाऱ्या नाही, हे त्यांना जाणवेल.

परतल्यावर आठ दिवसांच्या आत गावात बसावे. पाहिलेल्या दहा गोष्टींतली एकच निवडावी, तिची तारीख ठरवावी आणि तीन महिन्यांनी यजमान गावाला आपल्याकडे बोलवावे. पाहुणे येणार म्हटले की घर आवरले जाते. गावाचेही तसेच असते. सावड येथे पुरी होते.

फडावरचा दुसरा शब्द

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. गोदाकाठची ही मुलगी पंढरपुरी नामदेवांच्या घरी वाढली. दळणकांडण करणाऱ्या त्या दासीने आपल्या काळातल्या संतांच्या मेळ्यात स्वतःचा आवाज मिळविला. वारीची परंपरा एका अर्थी अशीच देवाणघेवाण आहे. गावोगावची माणसे एका वाटेने चालतात, एका पंगतीत जेवतात आणि दुसऱ्याचे थोडे घेऊन घरी परततात. ज्या मातीत ही रीत मुरली आहे, तेथे अभ्यासभेट रुजायला वेळ लागू नये.

पुढच्या हंगामात पुन्हा गाड्या निघतील, कोप्या उभ्या राहतील आणि चुलीपाशी एखादी म्हणेल, “लई दुखतंय गं, पिशवी काढावी म्हणते.” त्या वेळी शेजारच्या कोपीतली, कोठेतरी शिकून आलेली बाई तिला घाईने सल्ला देणार नाही. ती विचारील: सोनोग्राफी झाली का? गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली का? आजाराचे नाव डॉक्टरांनी सांगितले का? तो गोळ्या-औषधांनी बरा होतो का? शस्त्रक्रियेत अंडाशये राहणार की तीही जाणार? कमी वयात अंडाशये काढली तर हाडे लवकर ठिसूळ होतात, अंगाची आग होते, पुढे हृदयालाही धोका वाढतो. हे तुला कोणी सांगितले का? आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखविलेस का?

खरोखर गरज असेल, तर शस्त्रक्रिया करावीच. ती जीव वाचविते. पण हे प्रश्न विचारून झाल्यावर. ते विचारणारी बाई प्रत्येक टोळीत एक तरी असावी, एवढ्यासाठी गंगाखेडच्या गटांनी यंदा पाडव्यानंतर एकदा घराबाहेर पडावे.